पुढे गेलेली

१

रविवारी जागृतीला कुणी उठवावं लागत नसे. एरवी आई हाका मारून दमायची, आणि रविवारी मात्र आई जागी होईपर्यंत पोरीचे बूट पायात, हेल्मेट हातात आणि सायकल अंगणात. पोर म्हणायचं ते आईनं. जागृतीनं चाळिशी केव्हाच ओलांडली होती. वर्ध्यात एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम ती करायची. आठवडाभर काचपट्ट्या, नळ्या आणि सूक्ष्मदर्शक. मग रविवारी तिला लांबचं बघायला हवं असायचं.

सायकल आणि पाय, या दोन वाहनांवर तिनं अर्धा जिल्हा पालथा घातला होता. कुठल्या गावाच्या शिवेवर जुनी बारव आहे, कुठल्या पांदणीतून पूर्वी बैलगाड्या नागपूरला जायच्या, कुठल्या लिंबाखाली शेंदूर फासलेला दगड देव नसून एखाद्या लढाईत पडलेल्या माणसाची वीरगळ आहे, हे ती शोधत फिरायची. घरी आली की बूट काढता काढता आईला सगळं सांगायची. वडील, रामाजी, गेल्यापासून म्हसाळ्याच्या त्या छोट्या घरात मायलेकी दोघीच होत्या, आणि रविवारच्या या गोष्टींची आईला सवय झाली होती.

त्या रविवारी तिचा पाय निघत नव्हता. आईच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आताच झालं होतं. पट्टी सुटली होती पण काळा चष्मा होता, थेंब होते, आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू इतका पिकलेला की उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

"जाय न व," आई म्हणाली. "दिवसभर माह्याकडं पाहात बसशील तर मलेच शिणल्यासारखं होते."

"थेंब?"

"अनुसयाबाई येते म्हणली न शेजारची. ती टाकून देते."

"कडी लावून घे मग. अनुसयाबाई सोडून कोणाले उघडजो नको."

"तुले तर उघडू का नाई?" आई हसली.

जागृतीही हसली, आणि निघाली.

२

पवनारला धाम नदीच्या पुलाअलीकडं जयवंताबाईंची चहाची टपरी आहे. तिथं थांबल्याशिवाय जागृतीचा रविवार सुरू होत नसे. फेब्रुवारीची सकाळ, नदीवर धुकं, बाकावर दव. तिनं सायकल बाभळीला टेकवली. जयवंताबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा स्टोव्हला पंप मारणारा हात थांबला.

"काय राह्यलं जी ताई?"

"कुठं काय राहिलं?"

"वापस आल्या न तुमी."

"वापस कुठली? आत्ता तर येऊन राह्यली मी."

जयवंताबाई हसल्या, पण अर्धवट. "काऊन मजाक करता? आत्ता तर चहा पिऊन गेल्या. हा पाहा, गिलास धुतला नाई अजून."

बाकाच्या टोकाला काचेचा ग्लास होता. तळाशी थोडा चहा उरलेला. जागृती नेहमी तळाचा घोट ठेवते, कारण त्यात चहाची भुकटी येते.

"दुसरी कोणी असेल," ती म्हणाली. "नागपूरहून येतात न सायकलवाल्या बाया. हेल्मेट घातलं की सगळ्या सारख्याच दिसतात."

"असन जी." जयवंताबाईंनी आधण ठेवलं. मग चहात चमचा ढवळताना त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या, "तरी मी म्हटलं, ताई असं काऊन इचारून राह्यल्या."

"काय विचारलं?"

"'मी रोज कोणता चहा पितो?' असं. मी म्हटलं, बिनसाखरेचा. तं म्हणे, 'तोच द्या.'"

जागृतीनं बिनसाखरेचा चहा घेतला. तो नेहमीसारखाच होता. तिनं डोक्यात त्याचा उलगडा केला, जसा ती लॅबमध्ये एखाद्या विचित्र आकड्याचा करायची. एक बाई आली. तिची थट्टा करायची पद्धत तशी. जयवंताबाईंना सकाळच्या धुक्यात नीट दिसलं नाही. नमुन्यांची अदलाबदल होते, लॅबमध्ये होते तर इथं का नाही होणार?

पैसे देताना तिच्या लक्षात आलं की तिनंही तळाचा घोट ठेवलाय. दोन्ही ग्लास शेजारी शेजारी होते. जयवंताबाईंनी ते एकदमच उचलले आणि बादलीत बुडवले.

३

सेलूच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत गेलं की रूपराव यांचं वावर लागतं. पन्नाशीचे शेतकरी. त्यांच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक कोरीव दगड निघाला होता. कुणाकडून तरी त्यांनी जागृतीचं नाव ऐकलं, फोन केला, आणि "या एका रविवारी, पाहून सांगा काय हाय ते," असं ठरलं होतं. त्यांची दोघांची भेट अजून झालेली नव्हती. फक्त फोन.

पांदणीतून सायकल हाताळत ती निघाली. दोन्ही बाजूंनी हरभरा सोंगून ठेवलेला, मध्ये भुसभुशीत धूळ. त्या धुळीत एक चाकाचा माग होता. जाड टायरचा, खाचाखाचांचा. ती त्याच्या बाजूनं चालवत होती. थोडं पुढं गेल्यावर तिनं मागं वळून पाहिलं आणि थांबली.

मागं दोन माग होते, अगदी जवळजवळ. दोन्ही सारखे. तिच्या पुढच्या टायरला एके ठिकाणी खिळा घुसून खाच पडली होती, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला धुळीत एक तिरपी रेघ उठायची. ती रेघ दोन्ही मागांत होती.

तिनं खाली बसून दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. एकाच कंपनीचे टायर अर्ध्या जिल्ह्यात विकले जातात, ती स्वतःला म्हणाली. खिळेही रस्त्यावर पडलेलेच असतात. हे सगळं खरंच होतं. तरी उठल्यावर ती सायकलवर बसली नाही, हातात धरून चालत निघाली.

रूपराव धुऱ्यावरच उभे होते. तिला पाहून त्यांनी डोक्यावरचं फडकं काढलं.

"काही इसरलं का जी मॅडम?"

या वेळी तिनं हसून घेतलं नाही. "भाऊ, मी आत्ता येऊन राह्यली. पहिल्यांदा."

रूपराव तिच्याकडं बघत राहिले. भला माणूस. बाईमाणसाला खोटं कसं पाडायचं, हे त्यांना कळेना. "बसा तुमी," ते म्हणाले. "उन्हातून आल्या."

"दगड कुठं आहे?"

"तुमी पाहिला न मघा... तो काय."

दगड लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेला होता. घोड्यावरचा माणूस, वर चंद्रसूर्य, खाली पडलेला माणूस. सुंदर वीरगळ होती. दुसऱ्या कुठल्या रविवारी जागृतीनं आनंदानं टाळी वाजवली असती. झिजलेलं कोरीव काम नीट दिसावं म्हणून अशा दगडावर पाणी शिंपडायची तिची पद्धत होती. हा दगड ओला होता. वरून ओघळ खाली आले होते आणि बुडाशी माती अजून गडद होती. आणि घोड्याच्या मानेवर, जिथं तिनंही हात ठेवला असता, तिथं तळव्याचा ओला ठसा उन्हात कडेकडेनं आटत चालला होता.

"काय बोलली ती?" जागृतीनं विचारलं.

"कोण ती?"

"भाऊ, मी काय बोलली?"

रूपरावांनी फडक्यानं तोंड पुसलं. "दगडाचं काहीच नाई. हात ठेवून उभ्या होत्या लय वेळ. मग मले इचारलं, 'माहं घर कुठं हाय?'"

दूर कुठं तरी मोटारपंप सुरू होता.

"मग?"

"मले वाटलं, तुमाले ऊन लागलं. फोनवर तुमीच म्हटलं होतं न, मी म्हसाळ्याची, पाण्याच्या टाकीपाशी. तेच सांगितलं म्या. वर्ध्याच्या रस्त्यानं सरळ जा म्हटलं." ते अडखळले. "चुकलं का माहं काही?"

४

मोबाइलला रेंज होती. तीन-चार वेळा वाजून आईनं उचलला.

"हॅलो, कोण?"

"आई, मी बोलते."

"काय व हे? तिकडून फोन काऊन करते? हाक मार न."

"कुठून हाक मारू?"

"न्हाणीतून." आईचा आवाज वैतागलेला होता, लाडात वैतागते तसा. "आत्ता न्हाणीत घुसली. च्या टाकतो म्हटलं तं नको म्हणे. थेंब मात्र म्हटल्याबरोबर टाकले. हात किती थंडगार तुहे बाई, बर्फासारखे."

जागृती लिंबाच्या बुंध्याला धरून उभी राहिली. दगड अजून ओला होता. म्हसाळा इथून सायकलनं सकाळभराचा रस्ता. असं होऊच शकत नव्हतं. आणि होऊ शकत नव्हतं हे जितकं पक्कं, तितकंच पक्कं ते तिला फोनमधून ऐकू येत होतं. न्हाणीत पाणी पडत होतं. त्यांच्या घरची न्हाणी, स्वयंपाकघराला लागून, पत्र्याचं दार. बादलीत नळाची धार, मग प्लॅस्टिकचा मग बादलीच्या काठाला आपटल्याचा आवाज.

"आई," ती शक्य तितकं हळू म्हणाली. "ऐक. मी सेलूच्या पुढं आहे. रूपराव भाऊंच्या वावरात. मी घरी आलीच नाही. घरात जी आहे ती मी नाही. तू अशीच बाहेर निघ, आई, अंगणात जा, गेटाच्या बाहेर जा..." इथं तिचा आवाज फुटला.

पलीकडं आईचा फक्त श्वास ऐकू येत होता.

नळ बंद झाला.

पत्र्याच्या दाराची कडी सरकली. ती कडी गंजलेली होती, नेहमी दोनदा कुरकुरायची. ती दोनदा कुरकुरली. आणि मग, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून यावा तसा, एक आवाज आला. जागृतीनं स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला होता, तो तिला कधी आवडला नव्हता. तोच आवाज.

"आई, कोणाचा फोन आहे?"

"राँग नंबर हाय," आई म्हणाली, आणि फोन कट झाला.

त्यानंतर तो कुणी उचलला नाही. जागृतीनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग अनुसयाबाईंना लावला, तर मागं बँडबाजा वाजत होता. त्या सकाळीच देवळीला लग्नाला गेल्या होत्या. "सांगायचं राह्यलंच व, घाईत होती. काय झालं?" त्या ओरडून विचारत होत्या. जागृतीनं फोन ठेवला.

"भाऊ," ती रूपरावांना म्हणाली, "माही आई घरी एकटी आहे."

रूपरावांनी फडकं डोक्याला गुंडाळलं. सायकल तिथंच लिंबाखाली राहिली. त्यांनी मोटारसायकल काढली.

५

नागपूर-वर्धा रस्ता आता चांगला रुंद आहे, मध्ये दुभाजक, त्यात कण्हेरी लावलेली. रूपरावांच्या मागं बसून जागृती समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलकडं बघत होती. दूधवाला, शिकवणीची पोरगी, कडब्याचा भारा. आपण का बघतोय, हे तिला ठाऊक नव्हतं. ती तर घरात आहे ना? मग रस्त्यावर कशाला शोधायची?

पवनार जवळ आलं. पलीकडच्या बाजूनं एक ट्रक येत होता. त्याच्या मागून, कण्हेरीच्या फटींतून, निळं काहीतरी दिसलं.

सायकल चालवताना आपण कशा दिसतो हे जागृतीनं कधी पाहिलं नव्हतं. लॅबमधली एक मैत्रीण चिडवायची, तुझा उजवा गुडघा बाहेर फेकला जातो म्हणून. पलीकडच्या रस्त्यावर एक बाई सायकल चालवत होती. निळा टी-शर्ट, हेल्मेट, मान खाली. उजवा गुडघा बाहेर फेकला जात होता. घाई नव्हती. ज्याला कुठं जायचं ते नुकतंच सांगितलं गेलंय, आणि जे विसरायला नको म्हणून मनात घोकत चाललंय, अशा माणसासारखी ती एका लयीत पाय मारत होती. कण्हेर, फट, कण्हेर, फट. एका फटीत मान वर होत होती. जागृतीनं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ती मागं पडली होती. वळून पाहायचा धीर झाला नाही.

रूपरावांनी गाडी हळू केली होती. आरशात बघायचं टाळून, मान अगदी सरळ ठेवून ते म्हणाले,

"मॅडम, तुमी मागं बसल्या हात न?"

"हो भाऊ. मी मागंच आहे."

"बोलत राहा जी जरा," ते म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला.

जागृती बोलत राहिली. काय बोलली ते पुढं तिला कधी आठवलं नाही. बहुतेक दगडाबद्दल, घोड्याबद्दल, चंद्रसूर्याबद्दल.

६

घराचं दार सताड उघडं होतं. आई ओट्यावर बसली होती, काळा चष्मा, हातात काठी, तोंड रस्त्याकडं.

"कोण?" पावलांचा आवाज ऐकून तिनं काठी उचलली. "तिथंच थांब."

"आई..."

"तिथंच थांब म्हटलं न. आधी बोल."

जागृती तिथंच थांबली. फाटकाशी उभी राहून ती रडायला लागली, लहान मूल रडतं तसं, नाक ओढत, हुंदके देत. आईनं ते नीट कान देऊन ऐकलं. मग काठी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले.

"ये. तू हायस."

तिचे हात हातात घेऊन आईनं ते कितीतरी वेळ चोळले. ते घामानं ओले होते, गरम होते. "हे पाह," आई स्वतःशीच म्हणत होती, "हे असे असते माह्या पोरीचे हात."

"आई, ती..."

"गेली. पाठवली म्या."

"कुठं?"

"आता नाई इचारायचं. आधी पाणी दे त्या भाऊले, दारात उभा हाय बिचारा."

रूपरावांना पाणी दिलं. मग जागृती आत गेली. रूपराव तिच्या मागोमाग, काठी घेऊन. समोरची खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्यापुढं सकाळचं फूल. पलंगावर आईची चादर. स्वयंपाकघरात गॅसवर चहाचं कोरडं भांडं. सगळं जागच्या जागी. न्हाणीचं पत्र्याचं दार अर्धं उघडं होतं. आत बादली काठोकाठ भरलेली. प्लॅस्टिकचा मग उलटा ठेवलेला. जमीन कोरडी होती. साबण कोरडा होता. तारेवरचा टॉवेल कोरडा होता. एवढा वेळ पाणी पडत होतं आणि कुणाच्या अंगावर त्यातला एक थेंब पडलेला नव्हता.

जागृतीनं बादलीत बोट घालून पाहिलं आणि झटकन काढून घेतलं. ऐन दुपारी ते पाणी पहाटेच्या विहिरीसारखं गार होतं. रूपरावांनी बादली उचलली, अंगणात नेऊन ओतली आणि पालथी घातली.

तेव्हा कुठं तिला थेंबांची आठवण झाली. ती किंचाळलीच. "आई, डोळा! डोळ्यात काय टाकलं तिनं?"

७

दवाखान्यात रविवारचा एक तरुण डॉक्टर होता. जागृतीनं त्याला सांगितलं, कोणीतरी चुकून भलतेच थेंब टाकले असावेत. याहून खरं आणि याहून सोपं तिला सांगता आलं नाही. आईची हनुवटी यंत्रावर टेकली, डॉक्टरनं दिवा बारीक केला, आणि तो बघत राहिला. लॅबमध्ये लोक काचेच्या खिडकीपलीकडं रिपोर्टची वाट बघत बसतात. आज जागृती त्या पलीकडच्या बाजूला होती.

"कधी टाकले म्हणालात?"

"सकाळी."

"काहीच नाही झालेलं," डॉक्टर म्हणाला. "उलट सूज उतरलीये. इतक्या लवकर सहसा उतरत नाही. मस्त बसलाय डोळा." त्यानं यंत्र बाजूला सारलं आणि आईचा उजवा डोळा हातानं झाकला. "आजी, समोर कोण आहे सांगा बरं."

आईनं समोर पाहिलं. कितीतरी वर्षांनी तिला लेकीचा चेहरा कडेकडेपर्यंत दिसत होता. ती बघत राहिली, इतका वेळ की जागृती न राहवून पुढं वाकली.

"किती काळी पडली व तू उन्हानं," आई म्हणाली. "अन् केस पांढरे झाले. सांगितलं नाई मले."

जागृती हसायला लागली. तिला थांबताच येईना. डॉक्टरही हसला, का ते न कळता. बाहेर बाकावर रूपराव अजून बसलेले होते. घरी जा म्हटलं तरी गेले नव्हते. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं आणि मागं भिंतीला टेकले.

त्या संध्याकाळी घरात सगळे दिवे लावलेले होते. अनुसयाबाई लग्नातली बुंदी घेऊन आल्या आणि मुक्कामालाच राहिल्या. जेवताना आईनं एवढंच सांगितलं.

"तू फोनवर भेली होती. आवाज कापत होता तुहा. ती न्हाणीतून बाहेर आली तं काहीच भेव नाई तिले, काहीच घाई नाई. मी म्हटलं, भेलेली हाय ती माही."

"अन् ती काही बोलली?"

"माह्यापाशी येऊन बसली. मले इचारे, 'आई, आज मी कुठं गेलती?'"

अनुसयाबाईंच्या हातातला घास तसाच राहिला.

"मग?"

"मग मी सांगितलं." आईनं ताट पुढं सरकवलं. "बुंदी वाढ व अनुसया. गोड खावं वाटते आज."

८

पुढचे काही रविवार जागृती घरीच बसली. रूपरावांनी सायकल टेम्पोत घालून आणून दिली होती, ती भिंतीला तशीच टेकलेली. मग एका रविवारी आईच म्हणाली, किती दिवस लोळणार, जाय. ती पवनारपर्यंतच गेली. टपरी दिसल्यावर तिनं वेग कमी केला.

"कुठं होत्या जी ताई?" जयवंताबाई तिला पाहून ओरडल्या. "लय दिवसाच्या आल्या! बसा, बसा." बाक रिकामा होता. तिच्या आधी त्यावर कुणी बसलं नव्हतं. जागृतीनं चहा तळाच्या घोटासकट संपवला आणि भुकटी जिभेवर आली तरी तिला तो गोड लागला.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. मार्च संपत आला. उन्हं तापायला लागली, पळस झडला. आई एके सकाळी म्हणाली, "मले माहेरी घेऊन चाल."

जागृतीला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. आईचं माहेर, चिंचधरा, सेलूच्या पुढं डोंगराकडं होतं. होतं म्हणजे, धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. माणसं दुसरीकडं उठून गेली. त्यानंतर आईनं तिकडं एकदाही तोंड केलं नव्हतं.

"तिथं काय आहे आई आता?"

"पाणी हाय. पाह्यचं हाय मले. डोळे हायत न आता."

ओळखीची रिक्षा केली. डांबरी सडक संपली, मग खडीचा रस्ता, मग एका वळणावर झाडं सरली आणि समोर सगळं पाणीच पाणी. वारा नव्हता. रिक्षावाला सावलीत विडी ओढत बसला. गावात जाणारा जुना रस्ता अजून ओळखू येत होता. दोन्ही बाजूंना दगड लावलेला, मध्ये उंचवटा. तो उतारानं सरळ पाण्यात शिरत होता.

आई कितीतरी वेळ उभी राहिली. "तिकडं आमचं घर होतं," ती म्हणाली, आणि काठीनं पाण्याच्या मधोमध दाखवलं. "अन् तिथं, थोडं अलीकडं, विहीर." मग ती जागृतीकडं वळली. "इथं पाठवली म्या तिले."

जागृतीनं पाण्यात शिरणाऱ्या त्या रस्त्याकडं पाहिलं.

"'मी कुठं गेलती' म्हणे. मी म्हटलं, तू अजून गेली कुठं? आज तुले माह्या माहेरी जायचं हाय न. चिंचधऱ्याले. रस्ता सांगितला. पवनारवरून, सेलूवरून, मग डोंगराकडं. रस्ता जिथं पाण्यात जाते तिथं थांबजो नको म्हटलं, गाव पुढं हाय." आईनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "बरं म्हणे. बूट घातले. वाकून नमस्कार केला मले, अन् गेली."

"इतकं ऐकलं तिनं?"

"तिले काहीच माहीत नव्हतं न बाई. लोकं सांगन ते." पाण्याकडं पाहत ती म्हणाली, "मलेच कसंसं झालं. आवाज तुहा होता न."

जागृती उतारानं खाली गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. पण न जाता परतणंही जमलं नसतं. दोन महिन्यांत पाणी बरंच मागं हटलं होतं. जिथं ते आधी होतं तिथं काठावर वाळलेल्या शेवाळाची पांढरट रेघ होती. त्या रेघेपासून आताच्या पाण्यापर्यंतचा सगळा चिखल वाळून भेगाळला होता.

आणि त्या चिखलात, अगदी मधोमध, एका चाकाचा माग होता. तो जुन्या काठाशी थांबला नव्हता. जिथं त्या दिवशी गुडघाभर पाणी असणार तिथून तो गेला होता, जिथं माणूस बुडेल इतकं असणार तिथूनही. एका लयीत, न वाकता, न घसरता, प्रत्येक फेऱ्याला एक तिरपी रेघ टाकत. पुढं ओला चिखल, पुढं पाणी, आणि पाण्याखालीही हातभर लांबपर्यंत तो दिसत होता. त्यापुढं पाणी गढूळ होतं.

ती दोन्ही बाजूंनी लांबवर फिरून आली. परत येणारा माग कुठंच नव्हता.

वर आली तेव्हा आई दगडावर टेकली होती.

"दिसलं काही?"

"माग आहे. आत गेलेला."

"अन् बाहेर?"

"बाहेर नाही, आई."

आईनं एक लांब श्वास सोडला. मग नव्या डोळ्यांनी तिनं पुन्हा एकदा त्या सपाट, उजळ पाण्याकडं पाहिलं.

"पोचली म्हणजे," ती म्हणाली. "रस्ता चुकली नाई बिचारी."

रिक्षात बसल्यावर जागृतीचे डोळे मिटायला लागले. किती आठवडे ती धड झोपली नव्हती. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती सेलूपर्यंत, पवनारपर्यंत, थेट घरापर्यंत झोपली. आणि रिक्षा खड्ड्यातून गेली की आई तिचं डोकं हातानं सावरत होती.